मुक्कामी जा
मे महिन्यात पुण्याहून सोलापूरला मामाकडे निघालात, तर अडीचशे किलोमीटर एका दमात कापू नका. भिगवणच्या पुढे पळसदेवला थांबा. उजनीचं पाणी खूप ओसरलं की धरणात बुडालेलं पळसनाथाचं जुनं मंदिर उघडं पडतं. मुलांना ते दाखवाच, पाण्याखाली गेलेल्या गावांबद्दलही सांगा. सोलापुरात पारा चाळिशीपार, त्यामुळे सिद्धेश्वर तलावावर जायचं ते उन्हं कलल्यावरच. मला खरी ओढ रात्रीच्या गच्चीची: कडक भाकरी, शेंगांची चटणी, दही आणि मामेभावंडांच्या गप्पा. रस्ता चौपदरी झाल्यापासून लोक सकाळी येऊन संध्याकाळी परततात, याचं फार वाईट वाटतं. दोन रात्री तरी राहा. मामी मोकळेपणी बोलते ती दुसऱ्या रात्री, आणि तिचे गुडघे किती दुखतात हे तेव्हाच कळतं.