दहा टक्के, पण कशाचे?

काही महिन्यांपूर्वी एका तरुण पटकथालेखिकेने मुंबईतील एका एजन्सीबरोबर होऊ घातलेला आपला करार मला वाचायला पाठवला. मी चित्रपटसृष्टीतला नव्हे. कायदे आणि करार वाचण्याची सवय एवढीच माझी पात्रता. तिचा प्रश्न सरळ होता. एजंट १५ टक्के मागतो आहे, हॉलीवूडमध्ये तर १० टक्क्यांचा प्रघात आहे. मग हे जास्त नाही का? करार वाचून झाल्यावर मला टक्केवारीपेक्षा तिच्या खालच्या दोन ओळींची चिंता अधिक वाटली.

तिचे मानधन १२ लाख रुपये ठरले होते. सहीच्या वेळी त्याचा दहावा हिस्सा, पुढचे हप्ते निर्मात्याने प्रत्येक टप्पा पसंत केल्यावर आणि शेवटचा, सर्वांत मोठा, चित्रीकरण सुरू होईल तेव्हा. म्हणजे प्रारंभी १ लाख २० हजार. १० टक्के टीडीएस वजा जाता हाती १ लाख ८ हजार. कमिशन मात्र ‘एकूण करारमूल्यावर’ आणि सहीबरोबरच देय होते. १२ लाखांचे १५ टक्के म्हणजे १ लाख ८० हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण २ लाख १२ हजार ४००. पहिला हप्ता स्वीकारताच लेखिका १ लाख ४ हजार ४०० रुपयांची देणेकरी! टीडीएस निदान विवरणपत्र भरताना हिशेबात येतो. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असल्याने तिची जीएसटी नोंदणी नव्हती. तो कर तिच्या खिशातून गेला तो गेलाच. आणि चित्रपट उभाच राहिला नाही, तर न मिळालेल्या पैशांवरचे कमिशन भरून झालेले असणार.

एजंटला दलाल म्हणून हिणवणाऱ्यांपैकी मी नाही. मोठ्या स्टुडिओच्या विधी विभागासमोर एकटा लेखक टिकत नाही. तिथे त्याच्या बाजूने बोलणाऱ्याला मोबदला मिळालाच पाहिजे. अट एवढीच, की त्याने खरोखर त्याच बाजूने बोलावे.

अमेरिकेतील संघर्ष नेमका यावरच पेटला होता. तिथल्या बड्या एजन्सी आपलेच लेखक, दिग्दर्शक, कलाकार एकत्र बांधून मालिका विकत आणि लेखकाकडून कमिशन न घेता स्टुडिओकडून ‘पॅकेजिंग फी’ घेत. वरवर पाहता लेखकाचे १० टक्के वाचत. पण एजन्सीची कमाई त्याच्या मानधनाशी बांधलेली न राहिल्याने ते वाढवण्यात तिला रस उरत नसे. एप्रिल २०१९ मध्ये लेखकसंघाच्या सात हजारांहून अधिक सदस्यांनी आपल्या एजंटांना निरोप दिला. जवळपास दोन वर्षे हा तंटा चालला. अखेर २०२२ च्या मध्यापर्यंत ही फी बंद करण्याचे आणि निर्मितीसंस्थांतील एजन्सींची मालकी २० टक्क्यांच्या आत ठेवण्याचे मान्य झाले.

यावर मराठी वाचक मला अडतीची आठवण करून देतील. महाराष्ट्राने २०१६ मध्ये फळे-भाजीपाल्यावरील अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरवले. मग लेखकाचे कमिशन निर्मात्याने दिले तर काय बिघडले? फरक असा, की बाजार समितीत, निदान कागदोपत्री, उघड लिलाव असतो आणि त्या दिवसाचा भाव गावभर कळतो. पटकथेचा भाव बंद खोलीत ठरतो. जिथे भाव दिसत नाही, तिथे मध्यस्थाला पैसे कोण देतो हाच लेखकासाठी एकमेव सुगावा असतो. सेबीने २०१३ पासून गुंतवणूक सल्लागारांना नियमात बांधले ते याच विचाराने: सल्ल्याचा मोबदला ग्राहकाकडून घेणाऱ्याने त्याच सल्ल्यावर विक्रेत्याकडूनही कमिशन घ्यायचे नाही.

कॅलिफोर्नियात काम मिळवून देणाऱ्या एजंटला परवाना लागतो. मॅनेजरने कारकिर्दीविषयी सल्ला द्यायचा, काम मिळवून द्यायचे नाही, अशी कायद्याची विभागणी आहे (ती किती पाळली जाते, हा वेगळा विषय). आपल्याकडे दोन्ही शब्द एकाच व्हिजिटिंग कार्डावर सुखाने नांदतात. नवा परवाना-विभाग उघडावा असे मला वाटत नाही. मात्र निर्मात्याकडून मिळणारी प्रत्येक रक्कम आणि निर्मितीतील प्रत्येक हिस्सा लेखकाला लेखी कळवणे बंधनकारक असावे.

२०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने चित्रपटातील साहित्यकृतीच्या लेखकाला चित्रपटगृहाबाहेरील वापरासाठी स्वामित्वधनाचा निम्मा वाटा दिला. तो हक्क वारस किंवा कॉपीराइट सोसायटी यांखेरीज कुणाच्याही नावे करता येत नाही. या करारात मात्र ‘भविष्यातील सर्व उत्पन्नावर, कायमस्वरूपी’ १५ टक्के होते. संसदेने जे निर्मात्यालाही लेखकाकडून लिहून घेऊ दिले नाही, त्यातला तुकडा एजंटाने मागावा हे मला कायद्याच्या हेतूविरुद्ध वाटते.

मी तिला तीन बदल सुचवले. कमिशन हाती आलेल्या रकमेवर आणि ती आल्यानंतरच. पैसे आधी तिच्या खात्यात, मग तिच्याकडून एजन्सीला. आणि स्वामित्वधन कमिशनच्या बाहेर. शिवाय सही करण्यापूर्वी एका वकिलाला ठरावीक शुल्क देऊन करार दाखवावा, असेही सांगितले. एजन्सीने पहिले दोन बदल फारशी खळखळ न करता मान्य केले. तिसऱ्यावर ‘हा आमचा सर्वांसाठीचा मसुदा आहे’ असे उत्तर आले. गेल्या आठवड्यात तिने मुंबईतील लेखकसंघटनेच्या सल्लागाराची वेळ घेतली आहे; सही अजून व्हायची आहे.