कमरेला पिस्तूल लागलं, पण घरात सांभाळतंय कोण?

बीड : मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा ९ डिसेंबर २०२४ रोजी खून झाला. त्यात पिस्तूल वापरलेलं नव्हतं. पण त्यानंतर हवेत गोळीबार करणाऱ्यांचे, कमरेला पिस्तूल लावून मिरवणाऱ्यांचे व्हिडिओ मोबाईलवर फिरले आणि एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेहून जास्त शस्त्रपरवाने असल्याचं समोर आलं. फेरतपासणी झाली, अनेक परवाने रद्द झाले.

परवाने कुणाच्या शिफारशीवर मिळाले, याची चर्चा खूप झाली. ती व्हायलाच हवी होती. पण परवाना मिळाल्यावर ते शस्त्र घरात कसं राहतं, यावर कुणी फारसं बोललं नाही.

अभिनेता गोविंदा यांचं उदाहरण ताजंच आहे. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईतल्या घरात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटली आणि पायात घुसली. समोर ना शत्रू, ना भांडण. मुंबईत दवाखाना जवळ होता. वाडीवस्तीवर रात्री गाडी मिळायलाच तास जातो.

पिस्तुलाबाबत सगळ्यात घातक समज म्हणजे मॅगझिन काढलं की ते रिकामं झालं. तसं नसतं. एक गोळी चेंबरमध्ये बसलेली असू शकते. स्लाईड मागे ओढून, आत डोळ्यानं बघितल्याशिवाय खात्री होत नाही. आणि बघतानाही तोंड माणसाकडे नको, बोट घोड्यावर नको. गोळ्या वेगळ्या कुलपात ठेवाव्यात. उशीखाली किंवा गाडीच्या डॅशबोर्डात पिस्तूल ठेवणारे कमी नाहीत; त्याच घरात नातवंडं खेळत असतात.

देखभालीचं तर विचारूच नका. ट्रॅक्टरचं ऑईल वेळेवर बदलणारा माणूस पिस्तूल वर्षानुवर्षं उघडत नाही. चामड्याचं कव्हर ओल धरतं, पावसाळ्यात लोखंडाला गंज चढतो, जुन्या गोळ्या दगा देतात. दुरुस्तीसुद्धा परवानाधारक शस्त्र कारागिराकडेच करावी लागते. गावातल्या लेथवाल्याकडे नेणं म्हणजे दोघांनाही गुन्ह्यात अडकवणं.

परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. मालक गावाला गेला म्हणून पुतण्यानं पिस्तूल कमरेला लावून रील काढली, तर विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा गुन्हा होऊ शकतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा २ ते ५ वर्षं आहे. वरातीत हवेत बार काढून लोकांचा जीव धोक्यात घातला, तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०१६ च्या नियमांप्रमाणे पिस्तूल झाकून नेणं बंधनकारक आहे. म्हणजे शर्ट वर करून दाखवायची जी हौस आहे, तीच नियमाबाहेरची.

याच दुरुस्तीनं परवान्याची मुदत ३ ऐवजी ५ वर्षं झाली आणि एका माणसाला जास्तीत जास्त २ शस्त्रं ठेवता येतात. मुदत वाढली तसा नूतनीकरणाचा विसरही वाढला. मुदत संपली, परवाना रद्द झाला किंवा परवानाधारक वारला, तर शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. वडिलांची आठवण म्हणून पिस्तूल कपाटात तसंच ठेवणाऱ्या पोरांना हे बहुतेक वेळा पोलीस दारात आल्यावरच कळतं.