मांडवीवरचा डाव
पणजीला मांडवीत नांगरलेल्या एका कॅसिनोच्या बोटीवर या आठवड्यात पोकरच्या टेबलामागे बराच वेळ उभा होतो. (खेळलो नाही, नुसतं बघायलाही प्रवेशशुल्क भरपूर पडतं.) एक गृहस्थ चिप्स पुढे सरकवत होते आणि त्यांची बोटं अशी थरथरत होती की वाटलं, गडी घाबरला. शेजारचा मुरलेला खेळाडू मात्र पत्ते टाकून मोकळा झाला. त्याचं बरोबरच होतं. पोकरमध्ये हात कापतो तो बहुधा भक्कम पत्ते आल्यावर. थाप मारणारा पुतळ्यासारखा बसतो. माइक कॅरो यांनी 1984 साली अशा खुणांवर अख्खं पुस्तक लिहिलं. मोबाइलवर यातलं काय दिसणार? तिथे तासाला साठ-सत्तर डाव होतात, टेबलावर जेमतेम तीस, त्यामुळे गणित पक्कं होतं हे कबूल. 2003 साली ख्रिस मनीमेकर ऑनलाइन पात्रता फेरीतून थेट लास वेगासच्या विश्वस्पर्धेत गेला आणि 25 लाख डॉलर जिंकून आला, तेही कबूल. पण समोरासमोर थाप मारायची तर आपलंही तोंड पणाला लागतं, आणि पोकर खेळायचं ते तेवढ्याचसाठी. निव्वळ आकडेमोड काय, माझा सीएही करतो! 2025च्या कायद्याने पैसे लावून ऑनलाइन खेळणं बंद झालं, त्याचं मला सुतक नाही. राहिल्या मांडवीतल्या बोटी. तिथे खेळायला खुद्द गोंयकारांना 2020पासून मज्जाव आहे, त्यामुळे हरायचं काम आपल्यासारख्या बाहेरच्यांनाच करावं लागतं.