देव विमानातून उतरले म्हणे!

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, हल्ली एक नवेच पुराण निघाले आहे. ते पोथीत नाही, हातातल्या मोबाईलवर आहे. सांगणारा पाटावर बसत नाही व शिधा मागत नाही, एवढाच काय तो फरक. पुराण असे की, हजारो वर्षांपूर्वी दुसऱ्या ताऱ्यावरचे कोणी प्राणी विमानात बसून पृथ्वीवर उतरले. रानटी माणसांनी त्यांस देव मानले. त्यांनी सांगितला तो धर्म झाला व त्यांनी बांधली ती देवळे झाली. स्वित्झर्लंडातील एरिक फॉन डॅनिकेन नावाच्या हॉटेलवाल्याने १९६८ साली या मताचे पुस्तक काढले, ते जगभर खपले, आणि तेव्हापासून हे दळण चालूच आहे. आमच्या नंदनवनातली शिकलेली पोरेही आता विचारतात की, धर्म खरोखरच आकाशातून आला असेल काय?

विचारतात हे चांगलेच करतात. न विचारता मान डोलावण्याचे दिवस आमच्या बापजाद्यांनी पुष्कळ भोगले. आमचे उत्तर सरळ आहे: धर्म माणसाने केला. भयाने केला, कृतज्ञतेने केला, गरजेने केला, आणि पुष्कळदा दुसऱ्यास दाबण्याकरिताही केला. पण केला माणसानेच.

नंदनवन हे नावच पाहा. पुराणात ती इंद्राची बाग. पण नागपूरच्या पूर्वेकडील या आमच्या नंदनवनात इंद्राने एक वीट तरी रचली काय? गवंड्याने ओळंबा धरला, बिगाऱ्याने घमेले वाहिले, सुताराने चौकट बसविली, तेव्हा घर उभे राहिले. नाव स्वर्गाचे आणि घाम माणसाचा. धर्माची गोष्ट याहून निराळी नाही.

हे नवे पुराण जुन्याचेच धाकटे भावंड आहे. वेद कोणी रचले नाहीत, ते अपौरुषेय, असे आम्हांस शिकविण्यात आले. एक वर्ण ब्रह्मदेवाच्या मुखातून निघाला आणि शूद्र पायांतून, असेही सांगण्यात आले. यातला कावा ओळखा. जी गोष्ट माणसाने केली तिचा हिशेब माणसास मागता येतो. सावकाराची वही खोटी असेल तर ती पंचांपुढे ठेवता येते. पण जी वही आकाशातूनच पडली, तिच्यावर बोट कोण ठेवणार? म्हणून ज्यास आपले अधिकार टिकवावयाचे असतात, तो आपली सनद नेहमी ढगांवरून आणतो.

आकाशातून काही पडतच नाही, असे मात्र आम्ही म्हणत नाही. आपल्याच वऱ्हाडात, बुलढाणा जिल्ह्यात, लोणारला खरोखरीच पडले! फार प्राचीन काळी मोठी अशनी काळ्या पाषाणावर आदळली व सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचे विवर झाले. तेथल्या खडकात असा मार बसलेला आढळला की जो ज्वालामुखीने बसत नाही. शास्त्रज्ञांनी १९७३ साली तसे प्रसिद्ध केले. आता सांगा, त्या दगडाने सोबत पोथी आणली काय? जानवे आणले काय? त्याने खड्डा केला आणि तो निवला. लवणासुराची कथा मागाहून माणसाने रचली. विष्णूने त्या दैत्यास मारले असे माणसानेच ठरविले. आणि दैत्यसूदनाचे सुंदर देऊळ पाथरवटाने घडविले. आकाशाने दिला तो धोंडा. त्याचा देव करणारा माणूस!

आता वेरूळ. कैलास लेणे पाहून हे नवे पुराणिक म्हणतात की, हे माणसाचे कामच नव्हे, परग्रहावरून आलेल्यांचे आहे. डोंगर वरून खाली कोरीत आणून एका अखंड दगडाचे देऊळ करावयाचे, हे अद्भुत खरेच. पण ते कोणी करविले हे लपलेले नाही. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळी, इसवी सनाच्या आठव्या शतकात, हे मुख्य काम झाले. बडोद्यास सापडलेल्या ८१२ सालच्या ताम्रपटात या देवळाचे वर्णन आहे, आणि ते मोठे गमतीचे आहे. त्यात विमानात बसून फिरणारे देव आहेत. पण ते देऊळ बांधीत नाहीत, पाहून थक्क होतात! आणि ज्याने बांधले तो कारागीर आपल्याच कामाकडे पाहून म्हणतो की, हे माझ्या हातून झाले तरी कसे! म्हणजे बाराशे वर्षांपूर्वीच्या राजाच्या दरबारी कवीसही कळत होते की, विमानवाले प्रेक्षक आणि छिन्नीवाला कर्ता. आजच्या मोबाईलवाल्यास तेवढेही कळू नये काय? वेरुळातच जैनांच्या लेण्यांत छोटा कैलास आहे, तो अर्धवट राहिला आहे. ताऱ्यांवरून आलेल्यांची थैली मध्येच रिकामी झाली होती काय? टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, असे आपल्या आयाबाया म्हणतात. ते घाव घालणारा हात कोणाचा, हे मात्र पुसून टाकतात. पूर्वी म्हणत, राक्षसांनी एका रात्रीत बांधले; आता म्हणतात, परग्रहवाल्यांनी. पाथरवटाचे नाव तेव्हाही नाही आणि आताही नाही. आयत्या बिळावर नागोबा!

धर्माचे विधी कसे जन्मतात ते पाहावयास वेरुळापर्यंत जाण्याचेही कारण नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून असे सांगतात. पिवळीचा मान तऱ्हाणे तेली समाजाकडे आहे. बांबू, कागद आणि कापड यांची ती मूर्ती कारागीर आपल्या हाताने करतात. रोगराई, इडापिडा तिच्या माथी मारून तिला गावाबाहेर नेऊन जाळतात. सोबतचे बडगे दर वर्षी नवे असतात: कधी महागाईचा, कधी लाचखाऊपणाचा. येथे कोणते विमान उतरले? साथीचे भय होते, राज्यकर्त्यांचा राग होता, आणि चार माणसांनी मिळून त्यास रूप दिले. शेकडो वर्षांनी सालाचा विसर पडला असता तर हीही आकाशातून आली असे कोणी सांगितलेच असते.

नंदनवनाच्याच अंगास जगनाडे चौक आहे. रोज त्यावरून हजारो माणसे जातात. किती जणांस ठाऊक आहे की हे जगनाडे कोण? चाकणचे संताजी तेली, तुकोबांचे सांगाती. तुकोबांच्या गाथ्याविषयी सांगतात की, रामेश्वरभटांच्या सांगण्यावरून वह्या इंद्रायणीत बुडविल्या आणि तेराव्या दिवशी त्या कोरड्या वर आल्या. पुढे हेच रामेश्वरभट तुकोबांचे शिष्य झाले, हेही सांगावयास हवे. नदीचा चमत्कार ज्यास मानावयाचा तो मानो. पण संताजींच्या हातच्या वह्या कागदावर आहेत, शाईच्या आहेत. त्यांवरून ठाण्याच्या वि. ल. भाव्यांनी १९१९-२० च्या सुमारास गाथा छापला. कुणब्याने अभंग रचले आणि तेल्याने ते लिहून जपले. तुकोबा विमानात बसून वैकुंठास गेले हे कीर्तनात शंभरदा ऐकतो. तेल्याच्या घरी दिव्याच्या उजेडात अक्षर गिरवीत बसलेला माणूस कितीदा ऐकतो? उद्या कोणी त्या विमानाचा यंत्रासह नकाशा काढील, आणि संताजींची लेखणी पुन्हा झाकून जाईल.

कोणी म्हणेल, "धर्म माणसाने केला म्हटले तर तो खोटाच ठरला, मग नीती कोठली, दया कोठली?" हा आक्षेप बिनबुडाचा आहे. भाकरी माणसाने केली म्हणून ती पोट भरीत नाही काय? विहीर माणसाने खणली म्हणून तिचे पाणी खोटे काय? उलट, विहिरीत गाळ साचला तर ती उपसता येते, कारण ती आपण खणली. सृष्टीचा निर्माता आहे की नाही हा वाद निराळा. जोतीरावांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापिला, ते निर्मिकास मानीत होते. पण त्याने कोणती पोथी लिहिली हे त्यांनी मानले नाही. याच नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी लाखो लोकांसह जो धम्म घेतला, तो आकाशवाणीचा नव्हता. दुःखाचा विचार करणाऱ्या एका माणसाचा होता, आणि बुद्ध विष्णूचा अवतार नव्हे हे त्या दिवशी प्रतिज्ञेत सांगण्यात आले. माणसाचा म्हणून तो हलका ठरला काय?

म्हणून बंधूंनो, ज्या दिवशी तुमची पोरे मोबाईलवर ते विमान दाखवतील त्या दिवशी रागावू नका. त्यांस वेरुळास न्या, भिंतीवरच्या छिन्नीच्या खुणांवर त्यांचे बोट ठेवा. लोणारच्या काठावर उभे करा. जगनाडे चौकात थांबून संताजी कोण ते सांगा. आणि मग विचारा: ज्यांनी हे सारे केले त्यांचे नाव पुसून ते ताऱ्यांवरच्या परक्यास द्यावे, यात आपल्या पूर्वजांचा अधिक अपमान आहे की मान? धर्म आपल्या हातांनी घडला. त्यातले जे चांगले ते आपली कमाई आहे. जे वाईट, विटाळाचे, उच्चनीचतेचे आहे, ते मोडून काढण्यास आकाशाची परवानगी लागत नाही.