दिवसाच्या विजेचा प्रश्न

हवामानबदलावर वाद पेटला की शेतकरी आणि पर्यावरण यांना समोरासमोर उभे केले जाते. ही मांडणीच चुकीची आहे. शिरवळपासून सांगलीपर्यंत रात्रपाळीची वीज आली की शेतकरी बॅटरी घेऊन उसाला दारे धरतो, पायाखाली साप-विंचू. २०१७ ची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना हीच वीज दिवसा देऊ पाहते; कोळसाही वाचतो, शेतकऱ्याची झोपही. पावसाळ्यात ऊन कमी, हा आक्षेप खरा. पण तेव्हा पंपाची गरजही कमी असते. खरी धास्ती भूजलाच्या उपशाची आहे. वीज दिवसभर आणि स्वस्त मिळाली तर खंडाळा-माणच्या विहिरी लवकर तळ गाठतील. म्हणून सौर विजेसोबत ठिबक सिंचनाचा आग्रह हवा, आणि सौर प्रकल्पासाठी गावाचे गायरान घेण्याआधी ग्रामसभेला विचारलेच पाहिजे.