बोर्ड छान झालाय, पण पुस्तक कुठंय?

माझी एक मैत्रीण उल्हासनगरच्या एका मराठी शाळेत ग्रंथपाल आहे. सप्टेंबरच्या शेवटी तिचा फोन आला. १५ ऑक्टोबर जवळ आला होता, म्हणजे वाचन प्रेरणा दिन. (कलामांच्या वाढदिवसाला आपल्याकडे २०१५ पासून हा दिवस पाळतात.) म्हणाली, "अगं, लायब्ररीच्या बोर्डासाठी काहीतरी क्रिएटिव्ह सुचव ना. नेटवर बघितलं, सगळीकडे तीच ती झाडं. तुझं अक्षर चांगलं आहे, तुला असलं जमतं."

ती झाडं तुम्हीही पाहिली असतील. तपकिरी कार्डशीटचं खोड, हिरव्या घोटीव कागदाची पानं, पानांवर पुस्तकांची नावं आणि वर मोठ्या अक्षरात 'ज्ञानवृक्ष'. नाहीतर मग चष्मा लावलेलं घुबड. आपल्या आज्या ज्याला बघून खिडकी लावून घ्यायच्या, तो पक्षी एवढा विद्वान कधी झाला कोण जाणे. पूर्वी हे सगळं थर्माकोलचं असायचं. २०१८ मध्ये राज्यात बंदी आली आणि झाडं कार्डशीटवर आली, एवढाच काय तो फरक.

पण मला त्या फोनमधलं एकच वाक्य लागलं. "तुझं अक्षर चांगलं आहे."

मी अंबरनाथला शाळेत होते तेव्हा याच एका गुणावर आठवी आणि नववी अशी दोन वर्षं लायब्ररीचा बोर्ड माझ्या ताब्यात होता. रोजचा सुविचार, जयंत्या-पुण्यतिथ्या, महिन्याला एक 'पुस्तक परिचय'. एकदा बाईंनी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे माझ्या हातात दिला आणि सांगितलं, याचं कव्हर मोठं करून काढ. मी चौकोन आखले, पेन्सिलीने आकृती उतरवली, वॉटर कलरने रंगवली. दोन तास ते पुस्तक माझ्यासमोर होतं. मी ते उघडलंसुद्धा नाही! चित्र झालं, बोर्डावर लागलं, सगळ्यांनी वाहवा केली. पुस्तक कपाटात गेलं, कपाटाला कुलूप लागलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आमच्या वर्गातला एक मुलगा बोर्डापुढे उभा होता. अभ्यासात यथातथा, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. बोर्डाला हात लावायची परवानगी त्याला कधीच मिळाली नसती. त्याने मला विचारलं, "हे पुस्तक कुठंय?" आणि मी त्याला काय उत्तर द्यावं? "हात नको लावू, टाचणी निघेल."

त्याला ते पुस्तक पुढे कधी मिळालं की नाही, मला माहीत नाही. मी स्वतः फास्टर फेणे वाचला तो लग्नानंतर, मुलाला वाचून दाखवताना. दोन वर्षं लायब्ररीची शोभा वाढवणाऱ्या मुलीने लायब्ररीतून घरी किती पुस्तकं नेली असतील? एकही नाही. कुणी विचारलंही नाही. बोर्ड इतका छान होता की विचारायची गरजच पडली नाही.

म्हणून माझं मत जरा वाकडं आहे. सुंदर बोर्ड हा बऱ्याचदा कपाटाच्या कुलपावर टाकलेला रुमाल असतो. तपासणीला साहेब येतात, बोर्ड बघतात, खूश होऊन जातात. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यात प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टींची पुस्तकं हवीत असं लिहिलंय. बोर्डाचा त्यात उल्लेखही नाही. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच नियम पुस्तकं वापरली गेली पाहिजेत असा आहे. पुढचे चार त्याच्यानंतर. उल्हासनगरच्या एखाद्या जीन्सच्या दुकानात बाहेर टांगलेली पँट तुम्ही मागितलीत आणि दुकानदार म्हणाला, "ही नुसती लावायला आहे," तर तुम्ही त्या दुकानात परत जाल का? मग मुलांनी का जावं?

मैत्रिणीला हे सगळं फोनवर ऐकवलं. ती वैतागली. "भाषण नको देऊस. पुस्तक हरवलं तर जबाब मला द्यावा लागतो, तुला नाही."

आता यावर माझ्याकडे खरंच उत्तर नव्हतं. पुस्तकं हरवतात, फाटतात, कुणाच्या तरी दप्तरात दहावीपर्यंत राहतात. चावी सांभाळणाऱ्या माणसाला नावं ठेवणं बाहेरून सोपं असतं. शेवटी आमचा सौदा झाला तो असा. अख्खं कपाट उघडायचं नाही. बोर्डाच्या खाली सुतळी बांधायची आणि तिच्यावर वीस पुस्तकं उघडी टांगायची, कपडे वाळत घालतो तशी. जुनी, शिवण सुटलेली, 'किशोर'चे मागचे अंक (बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतंय, घराघरात गठ्ठे पडलेत), कुणी दिलेली. त्यांची नोंद वेगळ्या वहीत. ती वीसच्या वीस हरवली तरी चालतील असं आधीच ठरवून टाकायचं, मुख्याध्यापकांची सही घेऊन. आणि बोर्डावर जे काही लावायचं ते या वीस पुस्तकांबद्दलच. बोर्ड बघितला की हात खाली करून पुस्तक मिळालं पाहिजे. बोर्डाची उंचीही पाचवीतल्या मुलाच्या डोळ्यांएवढी. आपल्याकडे बोर्ड शिक्षकांच्या उंचीला लावतात, कारण तो त्यांच्यासाठीच असतो.

मग लावायचं काय? आयडिया मला गाडीत सुचली. सकाळी बदलापूरहून जाताना लोकलच्या दारावरच्या नकाशाकडे बघत होते. म्हटलं, हाच बोर्ड! कल्याणपासून कर्जतपर्यंत एक आडवी रेघ. कल्याण, विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी रोड, कर्जत. पुस्तक घेतलं की मुलाने आपल्या नावाची चिठ्ठी कल्याणला लावायची. पुस्तकाचे साधारण नऊ भाग करायचे आणि एकेक भाग वाचून झाला की चिठ्ठी पुढच्या स्टेशनवर. या मुलांना या रेघेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. कुणाची आई अंबरनाथला उतरते, कुणाचा मामा नेरळला राहतो.

आणि एक नियम मी हट्टाने घालायला लावला. मध्येच उतरायला परवानगी. पुस्तक कंटाळवाणं वाटलं तर हव्या त्या स्टेशनवर उतरावं, फक्त का उतरलो ते एका ओळीत लिहून जावं. स्वतःच्या अक्षरात. कुणी ते परत सुवाच्य लिहून काढायचं नाही, शुद्धलेखन तपासायचं नाही. मैत्रीण म्हणाली, "साहेब आले तर?" म्हटलं, साहेबांनाही एक चिठ्ठी दे, कल्याणला लाव.

बोर्डाच्या एका कोपऱ्यात शब्द. हे मात्र उल्हासनगरचंच, दुसरीकडे जमणार नाही. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि त्या छावणीचं १९४९ मध्ये उल्हासनगर झालं, हे तिथल्या मुलांना तोंडपाठ असतं. पण शेजारच्या दादीला तिच्या भाषेतला एक शब्द विचारायला कुणी त्यांना पाठवलेलं नसतं. पाण्याला हिंदीत पानी, मराठीत पाणी आणि सिंधीतही पाणीच! ण आपला आणि त्यांचा एकच. उलट सिंधीत 'मानी' म्हणजे रोटी, जेवण. आपल्याकडे मानी माणूस उपाशी राहतो तो वेगळा. आठवड्याला असा एक शब्द मुलांनीच आणायचा, आणि दादी लिहून देईल तर तिच्या लिपीत. मग कुणीतरी विचारेलच, ही उलटी लिपी कसली? तेव्हा सुतळीवर त्याबद्दलचं पुस्तक हवं.

दुसऱ्या कोपऱ्यात प्रश्न. उदाहरणार्थ, अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख कुठल्या शकातला? (शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०. पण हे मुलांना सांगायचं नाही.) मोबाईलवर शोधलं तर हरकत नाही, पण उत्तरासोबत पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक पाहिजे. पावसाळ्यात २६ जुलै २००५ चा पूर, २०१९ मध्ये वांगणीजवळ पाण्यात अडकलेली महालक्ष्मी एक्सप्रेस. घरोघरी उल्हास नदीच्या आठवणी आहेत, त्या आणून लावा आणि खाली नद्यांवरची पुस्तकं टांगा. असो, विषय पुष्कळ सापडतात. सुतळी तेवढी विसरू नये.

आमच्या बदलापुरात श्याम जोशींनी उभं केलेलं ग्रंथसखा वाचनालय आहे, जुन्या मराठी पुस्तकांचा केवढा तरी संग्रह. तिथे मोठेपणी जाणारा माणूस लहानपणी कुठल्या तरी शाळेतल्या कपाटापुढे उभा राहिलेला असतो. तिथे त्याला काय उत्तर मिळालं, हे मला हल्ली फार महत्त्वाचं वाटतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मैत्रिणीने बोर्डाचा फोटो पाठवला. दिसायला अगदी वाईट. चिठ्ठ्या वाकड्या, एकीला भाजीच्या रश्श्याचा डाग. वीसपैकी तीन पुस्तकं गायब. नेरळला गर्दी, कर्जतला दोघंच. आणि विठ्ठलवाडीला एक चिठ्ठी, कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात: 'ईथेच उतरलो. पहिल्या पाणावरच सगळे रडतात. दूसरे द्या.'

फोटोखाली तिने विचारलं होतं, "तीन चुका आहेत गं. काढू का ही?"

मी लिहिलं, "चिठ्ठी राहू दे. त्याला दुसरं दिलंस का?"

तिचं उत्तर संध्याकाळी आलं. "हो. तुझा फास्टर फेणे दिलाय. अंबरनाथला पोचलाय."