अक्षराची निवड हात वर करून होत नाही

‘वाचकांचा कौल’ असे म्हटले की वाद संपला, अशी एक समजूत आपल्या लहानमोठ्या नियतकालिकांत रूढ झाली आहे. इंदूरच्या मराठी घरांत येणाऱ्या एका पाक्षिकाने नव्या मांडणीसाठी टंक, म्हणजे छपाईचे अक्षरवळण, निवडताना हाच मार्ग पत्करला. एकच मथळा चार वळणांत छापला, शेजारी चौकटी दिल्या आणि ‘आवडलेल्या नमुन्यावर खूण करा’ असे आवाहन केले. ठळक, गोलसर नमुन्यास बहुमत मिळाले. आता संपूर्ण अंक त्याच वळणात निघतो आणि पंचाहत्तरी ओलांडलेले कित्येक वर्गणीदार मथळे पाहून तो बाजूला ठेवतात. पाक्षिकाचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. दोष एका संपादकाचा नसून पद्धतीचा आहे.

वाचकांना विचारूच नये, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. शासकीय सेवेत ‘दावे-आपत्ती’ मागविण्याची रीत आम्ही आयुष्यभर पाळली. त्या अनुभवाने एवढे शिकविले की उत्तर किती मोलाचे हे प्रश्नावर ठरते, आणि ज्याला सर्वाधिक झळ बसते त्याचा अर्ज बहुधा येतच नाही. ज्याला बारीक छपाई दिसत नाही तो चौकटीत खूण कशी करणार? त्याचे मौन ‘संमती’ म्हणून मोजले जाते.

पहिली चूक मथळ्याची. मथळा पाहिला जातो, मजकूर वाचला जातो. चार शब्दांत देखणे दिसणारे जाड अक्षर पाचशे शब्दांच्या स्तंभात डोळ्यांना शिणविते. वृत्तपत्राच्या स्वस्त कागदावर शाई पसरते. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातील बारीक फटी बुजतात. गुळगुळीत कागदावरील किंवा संगणकाच्या पडद्यावरील नमुना हे कधीच सांगत नाही. शिवाय ‘बारा पॉइंट’ हे माप सर्व टंकांत सारखे दिसत नाही. एकाचे अक्षर त्याच मापात मोठे उमटते, दुसऱ्याचे लहान. वाचक वळण निवडतो असे आपण मानतो. प्रत्यक्षात तो पुष्कळदा केवळ आकार निवडत असतो.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. हिंदी आणि मराठी या दोहोंची लिपी देवनागरी, मग टंकही एकच चालेल, असे आपल्या मुद्रकांस प्रामाणिकपणे वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. ‘य’ आणि ‘ह’ यांना डावीकडून जोडला जाणारा आपला अर्धा ‘र’ घ्या. तो टंकात नसेल तर ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातील खोल जागा ‘दर्या’ म्हणजे समुद्र होतात, आणि ‘आचाऱ्यांना’ दिलेली बिदागी ‘आचार्यांना’ पोहोचते. ‘ॲ’ या अक्षरास युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले. जुन्या टंकात ते नसेल तर रिकामी चौकट उमटते किंवा दुसऱ्याच टंकातील विजोड अक्षर येऊन बसते. पाकळ्यांचा मराठी ‘ल’, मराठी वळणाचा ‘श’ आणि ‘५’, ‘८’ हे आकडे यांचेही तेच. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची वर्णमाला व अक्षरवळणे निश्चित केली. पण तो निर्णय इंदूरच्या छापखान्यावर बंधनकारक नाही. येथे पहारा आपणच द्यावयाचा आहे.

यावर काहीजण ‘ही संकुचित वृत्ती’ म्हणून नाक मुरडतील. अक्षरांना प्रांताची बंदी नसते, हे आम्हांसही मान्य आहे. ‘अ’ आणि ‘झ’ यांची मुंबई वळणे हिंदीने आपलीशी केली. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे सुबक खिळे संस्कृत ग्रंथांतून देशभर पोहोचले. देवाणघेवाण अशी व्हावी. पण छापखान्याच्या संगणकात जो टंक आधीपासून बसविलेला आहे तोच मुकाट्याने चालविणे ही देवाणघेवाण नव्हे, तो आळस आहे. आमच्या नातवंडांना देवनागरी हिंदी शाळेत भेटते. मराठी अक्षर डोळ्यांखाली जावे अशी त्यांच्या घरातील जागा म्हणजे बहुधा हे एवढे पाक्षिकच. तेथूनही ते गेले तर मुलांनी ते पाहावे कोठे?

खर्चाची सबबही टिकणारी नाही. ‘मुक्ता’सारखे टंक विनामूल्य मिळतात. अनेक नव्या टंकांत मराठीचे ‘ल’ आणि ‘श’ निराळे साठविलेले असतात. मांडणी करणाऱ्याने मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदविली तरच ते उमटतात. हे एक कळ दाबण्याचे काम आहे, परंतु ते करण्यास सांगणारा कोणीतरी हवा.

मग वाचकांस विचारावे कसे? आवडनिवड विचारू नये, वाचावयास द्यावे. सुमारे तीनशे शब्दांचे दोन सारख्या अवघडपणाचे उतारे घ्यावेत. ते नेहमीच्याच कागदावर, नेहमीच्याच छापखान्यात, अक्षराची दिसणारी उंची सारखी ठेवून दोन टंकांत छापावेत. त्यांत दऱ्या, आचारी, ळ, ॲ आणि आकडे मुद्दाम असावेत. साठीपुढील वीस आणि शाळकरी वीस वाचक निवडून त्यांच्या घरी जावे. निम्म्यांना एक टंक आधी द्यावा, निम्म्यांना दुसरा. कोणता उतारा कोणत्या टंकात, हेही आलटून-पालटून ठेवावे. मोठ्याने वाचून घ्यावे, किती वेळ लागला आणि कोठे अडखळले ते टिपावे, शेवटी मजकुरावर दोन प्रश्न विचारावेत. दोन रविवारांचे हे काम आहे. आमच्या मंडळांत पत्ते कुटण्यास यापेक्षा अधिक रविवार जातात.

त्या पाक्षिकाच्या संपादकांना आणि त्यांच्यासारख्या सर्वांना एवढीच मागणी आहे : पुढील अंकाआधी ही परीक्षा घ्या, निकाल छापा, आणि बहुमत विरुद्ध गेले तरी ज्याला वाचता येत नाही त्याच्या बाजूने निर्णय द्या. देखणेपणात थोडे उणे पडलेले अक्षर तरुण डोळे सहज चालवून घेतील. वाचता न येणारे अक्षर म्हाताऱ्या डोळ्यांना चालवून घेता येत नाही. ते अंक मिटतात, आणि पुढच्या वर्षी वर्गणी येत नाही.